युनिक्सचे पुणे

युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम पुण्यात रुळली ती १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरच्या काही वर्षांत. बँकांच्या शाखा, गणेशखिंडीतील सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा या तिच्या शहरात येण्याच्या वाटा. घरच्या संगणकावर ती क्वचितच दिसली, त्यामुळे पुणेकरांपैकी फार थोड्यांना तिचे नाव ठाऊक असते. शहरातला सॉफ्टवेअरचा व्यवसाय ज्या वळणाने वाढला त्यात मात्र तिचा वाटा मोठा आहे. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्र आणि त्यावर चालणारे प्रोग्रॅम यांच्यामधला थर. कोणत्या प्रोग्रॅमला प्रोसेसर किती वेळ मिळावा, मेमरीचा कोणता भाग कोणाचा, डिस्कवर कोणती फाइल कुठे ठेवायची, हे सारे हा थर ठरवतो. पुण्याची ओळख तयार झाली ती याच थरावर काम करणाऱ्यांमुळे.

युनिक्सचा जन्म १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये झाला. मल्टिक्स या अवाढव्य प्रकल्पातून बेल लॅब्जने अंग काढून घेतले होते. तिथल्या केन थॉम्प्सन यांनी एका जुन्या पीडीपी-७ यंत्रावर आटोपशीर अशी एक सिस्टिम लिहायला घेतली आणि डेनिस रिची त्यांना येऊन मिळाले. एका यंत्रावर अनेकांना एकाच वेळी काम करता यावे, प्रत्येक साधनाने एकच काम करावे पण चोख करावे, आणि एका प्रोग्रॅममधून निघालेला मजकूर थेट दुसऱ्यात सोडता यावा, अशी या सिस्टिमची घडण होती. तिचा गाभा, म्हणजे कर्नल, १९७३ मध्ये रिची यांच्या सी भाषेत नव्याने लिहिला गेला. तिचे पुढचे सारे आयुष्य या निर्णयाने ठरवले. तोवर ऑपरेटिंग सिस्टिम ही विशिष्ट यंत्राच्या भाषेत लिहिलेली आणि त्या यंत्राबरोबरच मोडीत निघणारी वस्तू होती. सी भाषेतली युनिक्स एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येऊ लागली.

बेल लॅब्जची मालक कंपनी एटी अँड टी. १९५६ च्या एका न्यायालयीन तडजोडीमुळे तिला संगणकाच्या धंद्यात उतरायला मनाई होती. त्यामुळे विद्यापीठांना युनिक्स मूळ सोर्ससह नाममात्र दरात मिळू लागली. ऑस्ट्रेलियातील जॉन लायन्स यांनी १९७७ मध्ये त्या सोर्सवर ओळीओळीने भाष्य लिहिले. नंतरच्या आवृत्तीच्या परवान्यात सोर्स वर्गात शिकवण्यावर बंदी आली, तरी झेरॉक्स प्रतींतून हे भाष्य जगभर फिरत राहिले. या बंदीला उत्तर म्हणून अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी शिकवण्यापुरती मिनिक्स ही सिस्टिम १९८७ मध्ये लिहिली. मिनिक्स वापरणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये स्वतःचे कर्नल लिहून जाहीर केले. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पाची साधने तोवर तयार होती. १९९२ मध्ये लिनक्स कर्नलही ग्नूच्याच मुक्त परवान्याखाली आले आणि सोर्सवरचा मालकी हक्काचा प्रश्न तेवढ्यापुरता संपला. लिनक्समध्ये युनिक्सचा कोड नाही, पण रचना, कमांड आणि शिस्त सगळी तिचीच आहे. ज्याला एक येते त्याला दुसरी परकी वाटत नाही.

भारतात युनिक्सला जागा मिळाली ती धोरणांच्या ओढाताणीत. आयबीएमने १९७८ मध्ये देश सोडला. बाहेरून तयार संगणक आणणे महाग होते आणि परवान्यांच्या जाळ्यात अडकलेले होते. १९८४ नंतर संगणकाचे आयातधोरण सैल झाले, तेव्हा एचसीएल, विप्रो यांसारख्या देशी कंपन्यांनी आयात केलेल्या मायक्रोप्रोसेसरांभोवती स्वतःची यंत्रे उभी केली. या यंत्रांवर चालवायला ऑपरेटिंग सिस्टिम हवी होती. स्वतः लिहायची तर वर्षे जाणार. युनिक्सचा परवाना घेतला की सोर्स मिळायचा आणि आपल्या यंत्राजोगा तो बदलता यायचा. त्यामुळे भारतीय अभियंत्यांच्या एका पिढीने परदेशी यंत्र नुसते चालवले नाही, तर युनिक्सच्या पोटात हात घालून ती नव्या हार्डवेअरवर बसवली. पुढे परदेशी कंपन्यांना जे मनुष्यबळ हवे होते ते या अनुभवातून घडले. अमेरिकेतही त्याच सुमारास युनिक्सची मागणी वाढत होती, हा योगायोग भारताच्या पथ्यावर पडला.

बँकांनी या मागणीत मोठी भर घातली. कर्मचारी संघटना आणि बँका यांच्यात १९८३ मध्ये यांत्रिकीकरणाबाबत करार झाला. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या रंगराजन समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला आणि शाखांमध्ये लेजर पोस्टिंग मशीन येऊ लागली. संगणक हा शब्द टाळून मशीन म्हणण्यात त्या काळचा संकोच दिसतो. नोकऱ्या जातील ही भीती खरी होती आणि संघटना बलवान होत्या. पुण्यात बँक ऑफ महाराष्ट्रचे मुख्यालय आहे, बँक अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी एनआयबीएम कोंढव्यात आहे, आणि सहकारी बँकांचे जाळेही दाट आहे. त्यामुळे या बदलाचा संबंध शहरातील बऱ्याच नोकरदार घरांशी आला. आतल्या खोलीत एक युनिक्स यंत्र आणि काउंटरांवर त्याला जोडलेले डंब टर्मिनल ही व्यवस्था १९९० च्या दशकात अनेक कचेऱ्यांत दिसे. टर्मिनलमध्ये स्वतःची बुद्धी नसे, नुसता पडदा आणि कीबोर्ड. पण चार-सहा जणांना एकाच खातेवहीवर एकाच वेळी नोंदी करता येत आणि त्या एकमेकींवर आदळत नसत. त्या काळच्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमला हे झेपणारे नव्हते.

सी-डॅकची कथा थोडी वेगळी आहे. हवामानाच्या अंदाजासाठी दिल्लीला एक क्रे महासंगणक अमेरिकेने अटींसह दिला, पण त्याहून प्रगत यंत्राला परवानगी नाकारली. त्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात सेंटर फॉर डेव्हलपमेंट ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड कॉम्प्युटिंग स्थापन झाले. विजय भटकर त्याचे प्रमुख होते आणि जागा पुणे विद्यापीठाच्या आवारातली. परम ८००० हा महासंगणक १९९१ मध्ये तयार झाला. त्यात ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर वापरले होते. एकटा ट्रान्सप्युटर फार मोठा नव्हे, पण आपल्या चार बाजूंच्या जोडण्यांवरून तो शेजारच्यांशी थेट बोलू शके. असे अनेक प्रोसेसर गुंफले की एक मोठे गणित वाटून सोडवता येई.

या पहिल्या परममध्ये प्रत्येक प्रोसेसरवर पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम नव्हती. काम वाटणे, निरोप पोचवणे, चुका शोधणे यासाठी सी-डॅकने परास नावाची प्रोग्रॅमिंगची व्यवस्था स्वतः लिहिली. खरा पेच पुढे आला. ट्रान्सप्युटरची निर्मिती मागे पडली आणि परमला दर काही वर्षांनी प्रोसेसर बदलावा लागला. परम ८६०० मध्ये इंटेलचा आय८६० आला. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर परम ९००० ने सन कंपनीच्या स्पार्क प्रोसेसरांवर उडी घेतली. १९९८ चा परम १०००० सनच्या सर्व्हरांवर उभा होता, आणि २००३ चा परम पद्म आयबीएमच्या पॉवर४ प्रोसेसरवर. प्रत्येक वेळी यंत्र बदलले, तरी सारे पहिल्यापासून लिहावे लागले नाही. सनची सोलारिस काय, आयबीएमची एआयएक्स काय, दोन्ही युनिक्सच्याच कुळातल्या. हवामानाचा किंवा रेणूंच्या रचनेचा प्रोग्रॅम एका परमवरून दुसऱ्यावर नेताना मेहनत पडे, पण पाया तोच राही. जून २००३ मध्ये परम पद्म जगातील पाचशे वेगवान संगणकांच्या यादीत १७१ व्या क्रमांकावर आला. २००८ च्या परम युवापासून ही मालिका लिनक्सवर गेली आणि तिथेच राहिली. परमच्या कथेत प्रोसेसरचे आणि वेगाचे आकडे नेहमी सांगितले जातात. ऑपरेटिंग सिस्टिमचा उल्लेख क्वचितच होतो, आणि तो व्हायला हवा.

सी-डॅकचे दुसरे काम प्रसिद्धीत मागे राहिले, पण मराठी वाचणाऱ्यांच्या दृष्टीने ते परमहून कमी मोलाचे नाही. भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे जिस्ट तंत्रज्ञान आयआयटी कानपूरमध्ये आर. एम. के. सिन्हा यांच्या मार्गदर्शनाखाली आकाराला आले. मोहन तांबे आणि सहकारी ते घेऊन पुण्याला सी-डॅकमध्ये आले. डॉसवरच्या संगणकासाठी जिस्ट कार्ड होते, तर युनिक्स यंत्रांसाठी जिस्ट टर्मिनल. त्यातली युक्ती सुबक होती. इस्की या संकेतावलीत रोमन अक्षरे जिथली तिथे ठेवून वरच्या मोकळ्या जागेत भारतीय वर्ण बसवले होते. युनिक्सच्या दृष्टीने मजकूर म्हणजे बाइटांची ओळ. ती रोमन आहे की देवनागरी याच्याशी तिला कर्तव्य नसे. वर्ण क्रमाने साठवले जात, आणि काना-मात्रा लावून जोडाक्षर जुळवण्याचे काम टर्मिनल स्वतः करी. त्यामुळे इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमलाही फारसा हात न लावता मराठी नावे साठवता येत. वर्णमाला सर्व भारतीय लिपींना समान धरली असल्याने तोच मजकूर दुसऱ्या लिपीत दाखवणेही शक्य होते. इस्की १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली आहे, आणि आज मोबाइलवर मराठी लिहिताना वर्णांचा जो क्रम यंत्रात साठतो तो तिथूनच आलेला आहे.

महाविद्यालयांत युनिक्स पोचली ती पुस्तकांबरोबर. मॉरिस बाख यांचे युनिक्स कर्नलच्या रचनेवरचे पुस्तक १९८६ मध्ये आले. सिस्टिम सॉफ्टवेअरमध्ये नोकरी हवी असणाऱ्याला ते वाचल्यावाचून गत्यंतर नसे. त्याखेरीज मराठी माणसांनी लिहिलेली इंग्रजी पाठ्यपुस्तके या विषयात ठळक आहेत. आयआयटी मुंबईचे धनंजय ढमढेरे यांचे सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग आणि ऑपरेटिंग सिस्टिम्सवरचे पुस्तक, अच्युत गोडबोले यांचे ऑपरेटिंग सिस्टिम्सवरचे पुस्तक आणि नागपूरचे यशवंत कानेटकर यांची सी भाषेवरची व युनिक्स शेलवरची पुस्तके देशभर वाचली गेली. पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला एसपीओएस नावाने ओळखला जाणारा विषय याच परंपरेतला. सी-डॅकने प्रशिक्षणासाठी अ‍ॅक्ट्स ही शाखा सुरू केली. तिचा डॅक नावाचा पदविका अभ्यासक्रम इतर शाखांच्या अभियंत्यांनाही सी भाषा आणि ऑपरेटिंग सिस्टिम शिकवून उद्योगात पाठवू लागला. मेकॅनिकलचा पदवीधर डॅक करून सॉफ्टवेअरमध्ये जातो, हा पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरांतला ओळखीचा मार्ग झाला.

या तयारीला काम मिळाले ते १९९० नंतर. केंद्र सरकारने १९९० मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना आखली तेव्हा बंगळुरू आणि भुवनेश्वरबरोबर पुणे पहिल्या तिघांत होते. उपग्रहाची जोडणी मिळाल्याने पुण्यात बसून परदेशातल्या यंत्रावर काम करता येऊ लागले. आनंद देशपांडे यांनी १९९० मध्येच पर्सिस्टंट सिस्टिम्स सुरू केली आणि डेटाबेसच्या आतल्या रचनेचे काम पुण्यात आणले. व्हेरिटास या अमेरिकन कंपनीने पुण्यात विकासकेंद्र उभारले. युनिक्सच्या जगात ही कंपनी फाइल सिस्टिम आणि व्हॉल्यूम मॅनेजरसाठी नावाजलेली होती. युनिक्सची मूळ फाइल सिस्टिम साधी होती. वीज गेली की परत सुरू होताना सगळी डिस्क तपासावी लागे, आणि मोठ्या डिस्कवर त्यात खूप वेळ जाई. व्हेरिटासची फाइल सिस्टिम काय बदल करायचा आहे याची नोंद आधी एका रोजनाम्यात करी. त्यामुळे यंत्र कोसळले तरी तेवढा रोजनामा वाचून काही क्षणांत उभे राही. व्हॉल्यूम मॅनेजर अनेक डिस्क मिळून एक असल्याचे भासवी आणि एक डिस्क बिघडली तरी माहिती शाबूत ठेवी. अशा सॉफ्टवेअरमध्ये चूक झाली तर ग्राहकाची माहितीच नष्ट होते, म्हणून ते लिहिणारा कर्नल पक्के जाणणारा लागतो. असे लोक पुण्यात घडले आणि टिकले.

त्यातूनच साठवणूक, बॅकअप आणि फाइल सिस्टिम हा पुण्याचा खास धंदा बनला. बंगळुरूची ख्याती सेवा आणि चिप डिझाइनमुळे आहे, हैदराबादची आणखी कशामुळे. पुण्यात स्टोरेज म्हटले की कामाला माणसे मिळतात, हे परदेशी कंपन्यांनाही ठाऊक आहे. कॅलसॉफ्टसारख्या कंपन्या याच क्षेत्रात वाढल्या. जसप्रीत सिंग, मिलिंद बोरटे आणि रमणी कोथंडरमण या व्हेरिटासमधून बाहेर पडलेल्या तिघांनी २००८ मध्ये पुण्यात ड्रुवा सुरू केली. संगणकातल्या माहितीचा बॅकअप क्लाउडमध्ये ठेवण्याच्या व्यवसायात ती पुढे अमेरिकेत मोठी झाली. खुद्द व्हेरिटासचे मालक अनेकदा बदलले. २००५ मध्ये ती सिमँटेकमध्ये विलीन झाली, पुढे पुन्हा वेगळी झाली, आणि २०२४ च्या अखेरीस तिचा बॅकअपचा व्यवसाय कोहेसिटीकडे गेला. पाट्या बदलल्या, पण अभियंते बहुधा त्याच शहरात एका कचेरीतून दुसरीत गेले.

लिनक्सचा प्रसार मात्र कंपन्यांनी केला नाही, निदान सुरुवातीला तरी. १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सामान्य ग्राहकांना खुले झाले, पण टेलिफोनच्या तारेवरून अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम उतरवून घेणे खर्चाचे आणि वेळखाऊ होते. पीसी क्वेस्ट मासिकाने अंकाबरोबर लिनक्सच्या सीडी वाटल्या. अतुल चिटणीस यांचा त्यात पुढाकार होता. या सीडींच्या प्रती काढणे कायदेशीर असल्याने त्या वसतिगृहांतून हातोहात फिरल्या. पुणे लिनक्स युजर्स ग्रुप, म्हणजे प्लग, हा स्वयंसेवकांचा गट या काळातला. कोणाच्या संगणकावर लिनक्स चढवायची, कोणाचे मोडेम चालत नाही, कोणाचे ग्राफिक्स कार्ड रुसले आहे, अशा अडचणी तिथे आपसांत सोडवल्या जात. सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत भरणारी ग्नुनिफाय ही वार्षिक परिषद विद्यार्थ्यांना या जगाशी जोडत आली. रेड हॅटने पुण्यात अभियांत्रिकी केंद्र उघडल्यावर जे काम हौसेने चाले त्याचा पगारही मिळू लागला.

लिनक्सवर मराठी दिसण्यामागेही पुण्याचा हात आहे. रेड हॅटने २००४ च्या सुमारास मुक्त केलेल्या लोहित फॉन्टांचे मूळ आरेखन श्रीलिपीसाठी ओळखल्या जाणाऱ्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे. मराठीची पंचाईत अशी की हिंदीसाठी केलेले फॉन्ट तिला पुरत नाहीत. ल आणि श यांचे मराठी वळण वेगळे आहे आणि 'वऱ्हाड', 'सुऱ्या' यांतला अर्धा र स्वतंत्र नियम मागतो. हा नियम फॉन्टमध्ये आणि अक्षरे जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्हीकडे असावा लागतो. सोर्स खुला असल्याने त्यातली चूक कोणालाही दाखवता आणि सुधारता येई. बंद सॉफ्टवेअरमध्ये कंपनीच्या पुढच्या आवृत्तीची वाट पाहण्यावाचून इलाज नसे.

इतके असूनही सर्वसामान्य पुणेकर संगणक शिकला तो विंडोजवरच. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचे, म्हणजे एमकेसीएलचे, मुख्यालय पुण्यात आहे. त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने लाखो मराठी लोकांना माउस धरायला शिकवले, पण समोर विंडोज आणि ऑफिस होते. केरळने शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअर आणले तसा निर्णय महाराष्ट्रात झाला नाही. ज्या शहरात कर्नल लिहिणारे शेकड्यांनी आहेत त्याच शहरात सरकारी कचेरीतला कारकून विंडोजच्या चोरीच्या प्रतीवर काम करताना आढळे. ही संधी हुकली हे मान्य करावे लागते. अँड्रॉइडमुळे चित्र वेगळ्याच वाटेने पालटले. त्याच्या मुळाशी लिनक्स कर्नल आहे, आणि ते बहुतेकांच्या खिशात आहे.

विज्ञानाच्या क्षेत्रात तर लिनक्सला आता स्पर्धकच उरलेला नाही. टाटा सन्सच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने पुण्यात उभारलेला एका हा महासंगणक नोव्हेंबर २००७ मध्ये जगात चौथा आला. ११७.९ टेराफ्लॉप्स हा त्याचा मोजलेला वेग होता आणि तो लिनक्सवर चाले. या उपक्रमाच्या उभारणीत गणितज्ञ नरेंद्र करमरकर यांचा सहभाग होता. नोव्हेंबर २०१७ पासून जगातले पहिले पाचशे महासंगणक सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत. जुन्नर तालुक्यातील खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांचे संकेत एकत्र करण्याचे काम आधी खास बनवलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करी. २०१० च्या सुमारास तेच काम बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या लिनक्स जाळ्यावर आणले गेले. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत मोसमी पावसाचे अंदाज लिनक्सवर चालणाऱ्या यंत्रांतून निघत आले आहेत. आदित्य, प्रत्युष आणि २०२४ मध्ये दाखल झालेला अर्क ही त्या यंत्रांची नावे. २६ सप्टेंबर २०२४ रोजी परम रुद्र मालिकेतले तीन महासंगणक देशाला अर्पण झाले. त्यांतला एक पुण्यात जीएमआरटीच्या संशोधनासाठी आहे. त्याच्या सर्व्हरचा आराखडा सी-डॅकचा, प्रोसेसर इंटेलचे आणि ऑपरेटिंग सिस्टिम लिनक्स.